कॅमकॉर्डरचं शूटिंग कॉम्प्युटरवर तुकड्यांत येतं, आवाज तुटतो, कॅमेरा दिसत नाही: काय तपासायचं आणि कॅमेरा घेताना काय बघायचं

हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळं, स्नेहसंमेलनाचं शूटिंग करणारे शिक्षक, कीर्तनं जपून ठेवणारी माणसं, या सगळ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. दोन अंकी नाटक रेकॉर्ड केलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते सलग दिसतं. कार्ड कॉम्प्युटरला लावलं की त्याच नाटकाच्या अकरा फाइली निघतात, नावाच्या जागी नुसते आकडे, आणि एकामागून एक लावल्या की प्रत्येक जोडावर आवाज तुटतो. कोणाचा कॅमेरा कॉम्प्युटरला दिसतच नाही. कोणाच्या फाइलीत चित्र आहे पण आवाज नाही. मग कॅमेरा दुरुस्तीला जातो आणि ‘यात काही बिघाड नाही’ असं ऐकून परत येतो.

दुरुस्तीवाला बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. बिघाड कॅमेऱ्यात नसतो, कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेत असतो. ही वाट कशी असेल हे आपण कॅमेरा घेतो त्याच दिवशी ठरलेलं असतं. म्हणून कमी बजेटचा कॅमकॉर्डर घेताना चित्र किती छान दिसतं याच्या आधी मी एकच विचारतो: यातलं शूटिंग बाहेर कसं येणार? पण ज्यांनी कॅमेरा आधीच घेतलाय त्यांची अडचण आजची आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

अकरा फाइली का होतात

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये ती पुढे इतकी रुळली की आज सेकंडहँड बाजारात मिळणारे बहुतेक हाय डेफिनिशन कॅमेरे याच पद्धतीचे असतात. अशा कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं की ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर दिसतं, त्याच्या आत ‘एव्हीसीएचडी’, त्याच्या आत ‘बीडीएमव्ही’, आणि त्याच्या आत ‘स्ट्रीम’. व्हिडिओच्या एमटीएस फाइली या शेवटच्या फोल्डरात असतात. बाकीच्या फोल्डरांत काही केबींच्या बारीकसारीक फाइली असतात, त्या बघून लोकांना वाटतं की हा कचरा आहे.

तो कचरा नाही. कोणती फाइल कोणत्या रेकॉर्डिंगची, कोणत्या क्रमाने, कुठे एक संपते आणि पुढची कुठून सुरू होते, हे सगळं त्या बारीक फाइलींत लिहिलेलं असतं. नुसत्या एमटीएस उचलून आणणं म्हणजे पोथीची पानं सुटी करून पानांवरचे क्रमांक कापून टाकण्यासारखं आहे.

तुकडे पडण्याचं कारण कार्डाच्या फॉरमॅटमध्ये आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट होतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. म्हणून कॅमेरा रेकॉर्डिंग न थांबवता फाइल बदलतो. काही कॅमेरे ४ जीबीला बदलतात, काही २ जीबीलाच. हिशोब करून बघा. सेकंदाला २४ मेगाबिट या दर्जाने रेकॉर्ड केलं तर सेकंदाला ३ मेगाबाइट, तासाला साधारण १०.८ जीबी होतात. २ जीबीचा तुकडा बारा मिनिटांत भरतो. ६५ मिनिटांच्या पहिल्या अंकाचे सहा तुकडे, ५५ मिनिटांच्या दुसऱ्याचे पाच. झाल्या अकरा फाइली. कॅमेऱ्याने काही चुकीचं केलेलं नाही.

जोडावर आवाज का तुटतो, तेही बघू. फाइल बदलताना कॅमेरा संवाद संपायची वाट बघत नाही, चित्राची चौकटही पूर्ण होऊ देत नाही. आकारमान भरलं की तिथेच कापतो. त्यामुळे आवाजाचा एक कण अर्धा या फाइलीच्या शेपटीत आणि अर्धा पुढच्या फाइलीच्या डोक्यात राहतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की दोन्हीकडचे अर्धे कण ते फेकून देतं. ‘तू गेलास तेव्हा’ यातला ‘गे’ अर्धवट ऐकू येतो आणि चित्राला बारीकसा झटका बसतो. तिथे फेड टाकून, आवाज ताणून काही उपयोग होत नाही. जे फेकलं गेलं ते परत आणावं लागतं.

ते परत येतं, कारण ते दोन्ही फाइलींत शाबूत असतं. पहिला मार्ग सोपा आहे: कॅमेऱ्यासोबत कंपनीचं सॉफ्टवेअर आलं असेल तर ते वापरून पूर्ण कार्डावरून इम्पोर्ट करा. ते बारीक फाइली वाचतं आणि एका रेकॉर्डिंगची एकच फाइल करून देतं. ते सॉफ्टवेअर नसेल, किंवा आजच्या विंडोजवर चालत नसेल, तर फाइली बाइटला बाइट लावून जोडायच्या. विंडोजमध्ये त्या फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी ‘कॉपी’ ही आज्ञा, तिच्यापुढे स्लॅश आणि बी, मग फाइलींची नावं क्रमाने, दोन नावांच्या मध्ये अधिकचं चिन्ह, आणि शेवटी जागा सोडून नव्या फाइलीचं नाव. स्लॅश-बी टाकायला विसरू नका. त्याच्याशिवाय विंडोज या फाइलींना मजकूर समजून जोडायला घेते आणि मध्येच एखादं ठरावीक चिन्ह आलं की फाइल संपली असं समजून पुढचं सोडून देते. मॅक आणि लिनक्सवर हेच काम ‘कॅट’ ही आज्ञा करते. नंतर ती मोठी फाइल टीएसमक्सर या फुकट सॉफ्टवेअरमधून एकदा काढली की तिची वेळ आणि लांबी नीट दाखवली जाते. यात कुठेही व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे नव्याने दाबून साठवला जात नाही, म्हणून दर्जा तसूभरही घटत नाही.

कोणत्या फाइली एकाच रेकॉर्डिंगच्या आहेत हे ओळखायची खूण सोपी आहे. फोल्डर ‘डिटेल्स’मध्ये उघडा आणि आकारमानाचा रकाना बघा. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे सगळे जवळपास सारख्याच कमाल आकाराचे असतात, फक्त शेवटचा लहान. वरच्या नाटकात ०००००पासून ००००४पर्यंतच्या पाच फाइली भरलेल्या दिसतील आणि ००००५ अर्धीमुर्धी: इथे पहिला अंक संपला. ००००६पासून दुसरा. दोन अंक एकमेकांना जोडायच्या फंदात पडू नका, प्रत्येक अंकाची वेगळी फाइल करा. आणि ही जोडलेली फाइल ४ जीबीच्या वर जाणार, म्हणजे ती ठेवायची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असायला हवी. फॅट३२ पेनड्राइव्हवर भरपूर जागा रिकामी असूनही ‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश येतो तो याच कारणाने.

मॅकवाल्यांना वेगळंच चित्र दिसतं. तिथे एव्हीसीएचडी हे फोल्डर म्हणून न दिसता एकच वस्तू म्हणून दिसतं आणि आतल्या फाइली कुठे गेल्या असा प्रश्न पडतो. ती अख्खी वस्तू उचलून डिस्कवर ठेवा, फोडत बसू नका. आतली एखादी फाइल हवीच असेल तर त्या वस्तूवर उजवं क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ निवडा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे

तुकड्यांनी वेळ जातो, पण शूटिंग जातं ते वेगळ्याच कारणाने. कार्ड फॉरमॅट केलं की पुष्कळ एव्हीसीएचडी कॅमेरे फाइलींचे आकडे पुन्हा ०००००पासून सुरू करतात. गेल्या महिन्याचं कीर्तनही ०००००, या महिन्याचंही ०००००. दोन्ही एकाच ‘शूटिंग’ नावाच्या फोल्डरात कॉपी करायला गेलात की विंडोज विचारते, ‘या नावाच्या फाइली आहेत, बदलू का?’ घाईत ‘हो’ दाबलं जातं आणि मागच्या कार्यक्रमावर नवा बसतो. अशी गेलेली फाइल परत मिळवणं फार अवघड असतं, कारण तिची जागाच दुसऱ्याने घेतलेली असते.

म्हणून प्रत्येक वेळी नवं फोल्डर करा, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कार्यक्रम. त्यात अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करा, त्या बारीक फाइलींसकट. मग कार्डावरचं एकूण आकारमान आणि फोल्डरचं एकूण आकारमान, दोन्हीकडे ‘प्रॉपर्टीज’ उघडून बाइटपर्यंत ताडून बघा. प्रत्येक फाइलीची सुरुवात, मध्य आणि शेवट उघडून बघा. दुसऱ्या डिस्कवर एक प्रत काढा. एवढं झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यात. कॉम्प्युटरने केलेलं फॉरमॅट कॅमेऱ्याला चालेलच असं नाही.

मंडळात हे काम एकाच माणसाकडे द्या. दोघांनी केलं की एकाला वाटतं दुसऱ्याने कॉपी केली, आणि कार्ड पुसलं जातं.

कॅमेरा जोडला, पण कॉम्प्युटरला दिसत नाही

पहिला संशय वायरीवर घ्या. यूएसबीच्या वायरीत विजेच्या दोन आणि डेटाच्या दोन अशा चार तारा लागतात. चार्जरसोबत येणाऱ्या स्वस्त वायरींत पुष्कळदा विजेच्या दोनच असतात. कॅमेरा चार्ज होतो, दिवा लागतो, म्हणून वायर चांगली आहे असं वाटतं. तीच वायर मोबाइलला लावून बघा; मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर दिसले नाहीत तर दोष वायरीचाच आहे.

मग कॅमेऱ्याचा पडदा बघा. बरेच कॅमेरे वायर लावल्यावर विचारतात की नुसतं चार्ज करायचं, वेबकॅम म्हणून चालवायचं की ‘मास स्टोरेज’ म्हणून जोडायचं. यातलं मास स्टोरेज निवडल्याशिवाय कार्ड दिसत नाही. काही मॉडेलांना जोडताना चार्जर लावलेला लागतो, नुसत्या बॅटरीवर ते जोडणी पूर्ण करत नाहीत. हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा.

खरं सांगायचं तर या सगळ्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे कॅमेऱ्याची वायर विसरून जाणं. कार्ड काढा आणि यूएसबी ३चा कार्ड रीडर वापरा. जुन्या कॅमेऱ्यांची यूएसबी २ जोडणी प्रत्यक्षात सेकंदाला २५ मेगाबाइटच्या आसपास चालते, म्हणजे भरलेल्या ३२ जीबी कार्डाला वीस-पंचवीस मिनिटं. चांगलं कार्ड आणि चांगला रीडर हे काम सहा-सात मिनिटांत करतात. कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच संपायची भीती नाही आणि कॅमेऱ्याच्या नाजूक पोर्टची झीजही नाही. कॉपी सुरू करण्याआधी एसडी कार्डाच्या डाव्या कडेची छोटी पट्टी खाली ओढून लॉक करा. मग चुकून काही पुसलं जाणार नाही. परत कॅमेऱ्यात घालताना मात्र ती वर करा, नाहीतर कार्यक्रमाच्या वेळी कॅमेरा रेकॉर्डच करणार नाही.

कार्ड लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा, कितीही वेळा विचारलं तरी. बऱ्याचदा कार्ड ठीक असतं, रीडर जुना असतो. ३२ जीबीच्या वरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात, ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होतात आणि जुन्या रीडरना ती वाचता येत नाहीत. तेच कार्ड कॅमेऱ्यात घालून बघा. तिथे शूटिंग दिसलं तर रीडर बदला. कॅमेऱ्यातही दिसलं नाही तर त्या कार्डावर नवं काहीही रेकॉर्ड करू नका आणि फोटोरेक या फुकट सॉफ्टवेअरने फाइली शोधा. ते फक्त वाचतं, कार्डावर काही लिहीत नाही. मिळालेल्या फाइली मात्र दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

आवाज नाही, चित्र अडकतं, फाइल उघडतच नाही

आधी तीच फाइल व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये उघडा. तिथे चित्र आणि आवाज दोन्ही आले तर फाइल शाबूत आहे, कॉम्प्युटरला तिची भाषा कळत नाही एवढंच. एव्हीसीएचडीमध्ये आवाज बहुतेक वेळा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने साठवलेला असतो. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या कॉम्प्युटरवर एसी-३चा कोडेक, म्हणजे तो आवाज उलगडणारा छोटा प्रोग्राम, आपोआप येत नाही, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरलाही तो समजत नाही. अशा वेळी आवाज एएसीमध्ये किंवा वेव्हमध्ये बदलून घ्या, चित्राला हात लावायची गरज नाही. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअरही हे करतं, पण ते चित्र पुन्हा एन्कोड करतं. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

माणूस हलला की कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात, तो इंटरलेस्ड रेकॉर्डिंगचा, म्हणजे चौकट एकाआड एक रेघांच्या दोन भागांत घेण्याचा, परिणाम आहे. व्हीएलसीत डीइंटरलेस सुरू करा. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात ‘५०पी’ किंवा ‘२५पी’ असा पूर्ण चौकटी घेणारा पर्याय असेल तर तो निवडा.

कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच काढली गेली, वीज गेली, कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, आणि एमपी४ फाइल उघडेना, असं होतं तेव्हा फाइलीतला माल आत असतो. एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते, ती लिहायची राहून गेलेली असते. कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालून चालू करा, पुष्कळ कॅमेरे अर्धवट फाइल स्वतःच दुरुस्त करतात. नाही केली तर त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर एक-दोन मिनिटांचं चांगलं रेकॉर्डिंग करा, पण दुसऱ्या कार्डावर. अनट्रंक हे सॉफ्टवेअर ती चांगली फाइल नमुना म्हणून वापरून बिघडलेली उभी करतं. एमटीएसला हा त्रास सहसा होत नाही, कारण तिची रचनाच वाटेत तुटलं तरी तोवरचं वाचता यावं अशी आहे. लांब कार्यक्रमासाठी, वीज बेभरवशाची असेल तर, कॅमेऱ्यात दोन्ही पर्याय असताना मी एव्हीसीएचडीच निवडतो.

आता घ्यायचा असेल तर

मोबाइल असताना कॅमकॉर्डर कशाला, असं मंडळातली तरुण पोरं विचारतात. दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी मोबाइल पुरतो. पण सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून दोन तास सलग, नटाचा चेहरा दिसेल एवढ्या जवळून, न तापता आणि मध्ये कोणाचा फोन न येता रेकॉर्ड करायचं असेल तर खऱ्या झूमचा साधा कॅमकॉर्डर अजूनही सरस आहे.

खरा झूम म्हणजे काचेचा, ऑप्टिकल. ऑनलाइन बाजारात ‘४के’, ‘४८ मेगापिक्सेल’, ‘१६ एक्स झूम’ असं लिहिलेले बिननावाचे कॅमेरे स्वस्तात मिळतात. त्यातल्या बहुतेकांत लेन्स स्थिर असते, झूम केवळ डिजिटल असतो, म्हणजे आहे तेच चित्र कापून मोठं करतात. रंगमंचाच्या अंधुक प्रकाशात त्यात नुसते दाणे दिसतात. हे ओळखायला डब्यावरची जाहिरात नको, लेन्सभोवतीचं लिखाण वाचा. खऱ्या झूमच्या लेन्सवर दोन आकडे असतात. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५वर १.९ ते ५७ मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, ५७ला १.९ने भागा, ३० येतात, तेवढा त्याचा खरा झूम. पॅनासॉनिकच्या एचसी-व्ही१८०ला ५० पट आहे. एकच आकडा लिहिलेला असेल तर तिथे काचेचा झूम नाही.

मग कार्डाची खाच बघा. साधं एसडी किंवा मायक्रोएसडी चालत असेल तर उत्तम. जुन्या सोनीत फक्त मेमरी स्टिक चालत असेल, तर ती आणि तिचा रीडर मिळवण्यातच दमछाक होईल. शूटिंग फक्त आतल्या हार्ड डिस्कवर साठवणारे कॅमेरे स्वस्तात मिळाले तरी मी घेऊ नका म्हणेन. त्यांचा यूएसबी पोर्ट बिघडला की आतलं शूटिंग काढायला दुसरा रस्ताच राहत नाही. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारेही नकोत. त्यांची डिस्क कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ केल्याशिवाय कॉम्प्युटर वाचत नाही, आणि तो कॅमेरा बंद पडला की डिस्क हातात असून उपयोग नाही. जेव्हीसीच्या जुन्या एव्हरिओत एमओडी नावाच्या फाइली निघतात. त्या साध्या एमपीईजी-२ असतात, नावाचं शेपूट एमपीजी केलं की उघडतात, पण रुंद चित्र चौकोनी आक्रसलेलं दिसतं. एडिटिंगमध्ये गुणोत्तर १६:९ करून घ्यावं लागतं.

नाटक-कीर्तनासाठी माइकची खाच फार मोलाची आहे. सीएक्स४०५ला ती नाही. कॅनॉनच्या लेग्रिया एचएफ-आर मालिकेतल्या आर८०६सारख्या मॉडेलांना आहे, हेडफोनचीही आहे. एक काळजी घ्या: साउंडवाल्याच्या मिक्सरमधली लाइन थेट या खाचेत घातली तर आवाज फाटतो, कारण ती पातळी माइकपेक्षा कितीतरी जास्त असते. मधे पातळी उतरवणारी केबल लावा आणि पडदा उघडायच्या आधी हेडफोन लावून ऐका.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा आपल्याकडे पुष्कळ घरांत असतो. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलायची, ती काळजी नको. अडचण वेगळी आहे. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तो कॅमेरा सेकंदाला ६० किंवा ३० चौकटी घेतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं किंवा आडवे पट्टे सरकतात. शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, लुकलुक बहुतेक थांबते. मेनूत ‘पाल/एनटीएससी’ असा पर्याय असेल तर पाल (आपली, ५०ची पद्धत) करा. दोन कॅमेऱ्यांनी एकच प्रयोग घेणार असाल तर दोन्ही एकाच पद्धतीवर हवेत, नाहीतर एडिटिंगमध्ये हालचाल अडखळते.

कार्ड ६४ जीबीचं, क्लास १० किंवा त्यावरचं घ्या. मात्र कॅमेरा २००९च्या आधीचा असेल तर तो एसडीएक्ससी ओळखणार नाही, त्याला ३२ जीबीची दोन द्या. नवं कार्ड वापरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. नकली कार्डं ६४ जीबी दाखवतात आणि प्रत्यक्षात त्यांत ८च असतात. त्यापुढचं रेकॉर्डिंग कुठेच जात नाही, आणि कॅमेऱ्याला ते कळतही नाही. सेकंडहँड घेताना स्वतःचं कार्ड आणि लॅपटॉप घेऊन जा, विकणाऱ्याच्या घरीच वीस मिनिटं सलग रेकॉर्ड करा, तिथेच कॉपी करून जोड ऐका. जो हे करू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मिनीडीव्हीच्या टेपा

कपाटात जुना मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपांवर रेकॉर्ड करणारा) हँडीकॅम आणि टेपांचा डबा आहे, तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडला तर फक्त फोटो येतात, हीही तक्रार वरचेवर येते. त्या कॅमेऱ्यांच्या बहुतेकांत यूएसबी फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या व्हिडिओसाठीच होती. टेपवरचं खरं चित्र फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीने बाहेर येतं. सोनीने त्यालाच आय-लिंक म्हटलं. कॅमेऱ्यावर चार पिनांची छोटी खाच असते. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला फायरवायर अशी स्वस्त वायर ऑनलाइन मिळते, ती घेऊ नका. या दोन पद्धती नुसत्या तारा जोडून एकमेकींशी बोलत नाहीत, ती वायर कधीच चालणार नाही.

स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे जुना डेस्कटॉप आणि त्यात फायरवायरचं कार्ड, त्यावर विनडीव्हीसारखं छोटं सॉफ्टवेअर. लिनक्सवर डीव्हीग्रॅब आहे. मॅकवर थंडरबोल्टचे अडॅप्टर जोडून काम होतं, पण २०२५च्या मॅकओएस टाहोमध्ये अॅपलने फायरवायरचा आधार काढून टाकला, तेव्हा या कामासाठी ठेवलेला मॅक अपडेट करू नका. कॉपी टेप चालेल तेवढ्याच वेळात होते, तासाच्या टेपला एक तास, आणि जागा लागते साधारण १३ जीबी.

कोकणात आणि पावसाळी हवेच्या गावांत टेपेवर पांढरट बुरशी येते. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून टेपेच्या गुंडाळीची कड बघा. पांढरं दिसलं तर ती टेप कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या टेपांचं चित्र चौकोनी ठिपक्यांनी फुटतं. चांगल्या टेपा आधी उतरवून घ्या, बुरशीच्या वेगळ्या ठेवा. लाँग प्ले (एका टेपेवर जास्त वेळ बसवणाऱ्या) पद्धतीने रेकॉर्ड केलेल्या टेपा बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्याने रेकॉर्ड केल्या त्याच्यावरच नीट चालतात, म्हणून तो जुना कॅमेरा अडगळ म्हणून भंगारात देण्याआधी त्या टेपा आधी उतरवा.